माझाच गोपनीय अहवाल

यादी मी तीनदा वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि तिसऱ्यांदा काचेवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अधीक्षक पदावरील पदोन्नतीसाठी पात्र पदवीधर कर्मचारी'. तिथे मी नव्हते. खाली अपात्रांचा चौकोन होता. त्या चौकोनात मात्र मी होते, आणि एकटीच होते. समोर शेरा होता : 'गोपनीय अहवालातील श्रेणी अपुरी.'

तेवीस वर्षं मी या वजनमापांच्या कार्यालयात आहे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन कारकून म्हणून लागले, तेव्हा रुजू करून घेणारा अधिकारी म्हणाला होता, "पदवीधर आहात, दहा वर्षांत अधिकारी व्हाल." मी घरी जाऊन हे सगळ्यांना सांगितलं. तेवीस वर्षांत मी कारकुनाची वरिष्ठ कारकून झाले, एवढीच काय ती मजल. गेलं दीड वर्ष अधीक्षकाची खुर्ची रिकामी आहे आणि तिचं काम मी करते. खुर्ची नाही, नुसतं काम. पदोन्नतीची यादी तीन वर्षांतून एकदा लागते आणि पन्नाशीनंतर नाव विचारात घेत नाहीत. मी अठ्ठेचाळीसची आहे. म्हणजे ही यादी शेवटची, पुढचं गणित कुणीही करावं.

आणि पात्रांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं? होयबाचं! आमच्या कार्यालयात त्याला सगळे याच नावाने ओळखतात, कारण साहेबांचं वाक्य पुरं होण्याआधीच त्याचं "होय साहेब" सुरू होतं. माझ्यानंतर अकरा वर्षांनी लागला. पदवी तिसऱ्या खेपेला, टपालाने मिळवली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माणसाला तीन खेपा लागू शकतात. पण पाचशे ग्रॅमच्या वजनाचा दाखला लिहिताना जो अजून मला विचारतो, "ताई, यात चूक किती ग्रॅमपर्यंत चालते हो?", तो अधीक्षक होणार आणि मी त्याच्या टेबलावर फायली नेऊन ठेवणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग होयबावर नव्हता. राग कुणावर होता ते सांगायचं तर आमच्या कार्यालयातली एक पद्धत सांगावी लागेल.

दर वर्षाअखेर प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहायचा असतो. अधिकाऱ्याने लिहायचा, कर्मचाऱ्याने तो बघायचाही नाही, म्हणून गोपनीय. नऊ रकाने. कामाचा उरक, वक्तशीरपणा, जनतेशी वागणूक, उल्लेखनीय काम, उणिवा, असं करत नवव्या रकान्यात श्रेणी : अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, चांगला, साधारण. आता अठरा माणसांचे नऊ-नऊ रकाने भरायचे म्हणजे डोकेफोड. जुन्या साहेबांनी ती जुन्या अधीक्षकांवर ढकलली, आणि अधीक्षकांनी माझं अक्षर बघून माझ्यावर. "भाषा चांगली आहे तुमची, तेवढा कच्चा मसुदा करून द्या." मी कच्चा करायची, टंकायला द्यायची, साहेब सही ठोकायचे. साहेब बदलले, पद्धत बदलली नाही. आत्ताचे साहेब सहा वर्षांपूर्वी आले, थेट परीक्षा देऊन, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पहिल्याच वर्षी कोऱ्या अहवालांचा गठ्ठा माझ्या टेबलावर सरकवून म्हणाले, "मॅडम, हे नेहमीप्रमाणे." नेहमी म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. माझ्या त्या कच्च्या कागदांचे गठ्ठे, वर्षवार सुतळीने बांधलेले, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. कागद फेकायचा नाही ही आमच्या धंद्याची खोड आहे.

जुन्या अधीक्षकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, कुणाच्या पोटावर पाय येईल असं लिहायचं नाही. दोन, रकाना रिकामा सोडायचा नाही, मुख्यालय अहवाल परत पाठवतं. मी दोन्ही जिवापाड पाळल्या. सतरा जणांना मी 'उत्कृष्ट' लिहिलं. उशिरा येणाऱ्याला लिहिलं, लवकर जाणाऱ्याला लिहिलं, वर्षात तीन महिने आजारपणाच्या रजेवर राहून घराचं बांधकाम उरकणाऱ्यालासुद्धा लिहिलं. आणि अठरावा अहवाल हातात यायचा तो माझा. तिथे माझी लेखणी अडायची. स्वतःच्या हाताने स्वतःला 'उत्कृष्ट' कसं लिहायचं? लाज म्हणून काही असते की नाही? मी 'चांगला' लिहायची आणि गठ्ठा बांधायची. दर वर्षी. 'उणिवा' हा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून लिहायची, 'स्वभावाने संकोची. स्वतःहून पुढे होण्यात कमी पडतात.'

त्यात काही बिघडतही नव्हतं. बढती मिळायची ती ज्येष्ठतेने आणि खात्याच्या परीक्षेने. परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालेली. या वर्षी मात्र नवा नियम आला, की मागची पाचही वर्षं किमान 'उत्कृष्ट' हवीत, आणि तो मागच्या वर्षांनाही लागू. जी वर्षं होऊन गेली, त्यांचे नियम आज ठरले.

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर मुलगी जेवणाच्या टेबलावर अर्ज भरत बसली होती. नुकतीच पदवीधर झालेली, पदवीधरांच्याच सरकारी परीक्षेचा अर्ज. मी पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, जवळ येईल, पाणी देईल. ती खुर्चीतून उठलीच नाही.

"थांब. म्हणजे 'चांगला' हे तूच लिहिलंस?"

"मग काय लिहायचं होतं?"

"बाकीच्यांना काय लिहिलंस?"

"उत्कृष्ट."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"तो होयबा, त्यालासुद्धा?"

मग मी तेही सांगून टाकलं. त्याचं तर आणखीच होतं. चार वर्षांपूर्वी बाजारातल्या दुकानदारांनी कार्यालयाला घेराव घातला होता, आमचा मुख्य तराजूच सदोष आहे आणि त्यावर तपासून दंड केले म्हणून. साहेब मागच्या दाराने गेले होते. मी काचेच्या कपाटातली पितळी प्रमाण वजनं बाहेर काढली, दारात टेबल टाकलं, आणि तीन तास त्यांच्यासमोर एकेक वजन मोजून दाखवलं. तराजूत खरंच दोन ग्रॅमचा फरक निघाला. तो मी तिथेच मोठ्याने मान्य केला, दंडाचे कागद मागे घ्यायची टिपणी लिहिली, आणि माणसं शांतपणे घरी गेली. वर्षाअखेर होयबाचा अहवाल भरायला घेतला तर 'उल्लेखनीय काम' या रकान्यात लिहायला काही म्हणजे काही सापडेना. आणि माझ्या अहवालात ही फुशारकी मारायला जीव धजेना. मग ते मी त्याच्या रकान्यात टाकलं. 'कठीण प्रसंगी शांत डोक्याने निर्णय घेतात.' वाया कशाला घालवायचं!

हे ऐकल्यावर मुलीने पेन टेबलावर आपटलं.

"आई, दोन ग्रॅम कमी भरले म्हणून तुम्ही दुकानदाराला दंड करता. आणि तू स्वतःला तेवीस वर्षं कमी भरत आलीस?"

"तू वरच्या आवाजात बोलू नकोस."

"मग कुणी बोलायचं? तू तर बोलत नाहीस!" तिने समोरचा अर्ज माझ्याकडे फिरवला. "हे मी कशाला भरू, सांग ना. दहा वर्षांत अधिकारी व्हायला?"

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले, पण खरं तर मला रडू आलं होतं आणि ते तिला दिसायला नको होतं. अर्ज मात्र तिने तसाच टेबलावर ठेवला. भरलाही नाही, उचललाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. मनाशी ठरवून गेले होते, की तेही जाणून आहेत, मीही जाणून आहे, दोघांनी मिळून मुख्यालयाला लिहिलं की झालं. साहेबांनी माझी फाईल मागवून घेतली, चष्मा लावला, आणि माझा अहवाल सहा वर्षांत पहिल्यांदा उघडला.

"हं. श्रेणी चांगला. वाईट काय आहे यात मॅडम?"

"साहेब, ते मीच लिहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग सावकाश म्हणाले, "मसुदा कुणाचा हा प्रश्न नसतो. सही माझी आहे, म्हणजे मूल्यमापन माझं आहे. मी विचार करूनच श्रेणी दिलेली आहे."

"विचार करून?"

"हे बघा ना." त्यांनी पाचव्या रकान्यावर पेनाचं टोक ठेवलं. "स्वभावाने संकोची. स्वतःहून पुढे होण्यात कमी पडतात. मलाही हे तुमच्याबद्दल कायम जाणवत आलंय. अधीक्षकाला नेतृत्व लागतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण स्वतःवर थोडं काम करा."

माझंच वाक्य! शब्दन् शब्द माझा, रकाना रिकामा राहू नये म्हणून घातलेला, आणि हा माणूस तेच वाक्य मला वाचून दाखवून मलाच उपदेश करत होता. मागच्या दाराने गेलेला माणूस. मला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "बरं साहेब," आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर स्वतःचाच इतका संताप आला की बस. अजूनही 'बरं साहेब'!

जिन्यात होयबा भेटला. चेहरा फुललेला. "ताई, मला वाईट वाटतंय हो तुमचं, खरंच. पण साहेबांनी काय लिहिलंय माझ्याबद्दल! यादीबरोबर उतारा आलाय. 'कठीण प्रसंगी शांत डोक्याने निर्णय घेतात.' बायकोला वाचून दाखवलं तर तिला खरंच वाटेना. साहेबांचं इतकं बारीक लक्ष असेल असं वाटलं नव्हतं."

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. अहवाल कोण लिहितं हे अठरा जणांत त्या एकट्याला माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "अभिनंदन," आणि टेबलाशी जाऊन अपिलाचा कागद लिहायला घेतला.

अपिलाची मुदत पंधरा दिवस. मी दुसऱ्याच दिवशी मुख्यालयाला पाठवलं. दोन ओळींत, रडगाणं न गाता : श्रेणी माझ्या कामाशी जुळत नाही, फेरविचार व्हावा.

अकरा दिवसांनी आवक टपालात एक पाकीट आलं. मुख्यालयाने माझं अपील कार्यालयाकडे उलट पाठवलं होतं. 'सदर श्रेणी कोणत्या आधारावर देण्यात आली, याबाबत कार्यालयप्रमुखांनी आपल्या स्वाक्षरीने वस्तुनिष्ठ अभिप्राय सादर करावा.' साहेबांनी कोपऱ्यात तिरका शेरा मारला आणि कागद खाली सोडला. अपिलांचा पत्रव्यवहार कुणाच्या टेबलावर असतो? माझ्या. शेरा होता : 'मॅडम, नेहमीप्रमाणे नकारार्थी मसुदा करावा.'

म्हणजे माझं अपील फेटाळण्याचा मसुदाही मीच करायचा. मी तो शेरा पाहत बसले. त्यांनी वर अर्जदाराचं नाव तरी वाचलं होतं का? मला वाटतं, नाही. वाचलं असतं तर निदान टेबल बदललं असतं, एवढी अक्कल त्यांना नक्की आहे. आधी हसू आलं. मग मात्र असा राग चढला की डबा उघडलाच नाही. तेवीस वर्षं यांची भाषा मी झाले, यांचं अक्षर मी झाले, आणि आता मला वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर त्याही मीच निवडून द्यायच्या.

मसुदा मी त्याच दुपारी केला. टंकायला दिला नाही, स्वतः टंकला. भाषा अशी सरकारी ठेवली की कुणाला नाव ठेवायला जागा नको.

'विषयांकित प्रकरणी अभिप्राय पुढीलप्रमाणे. एक : अर्जदाराच्या मागील पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांतील संपूर्ण मजकूर, श्रेणीसह, अर्जदाराने स्वतः लिहिलेला आहे. दोन : या कार्यालयातील उर्वरित सतरा कर्मचाऱ्यांचे अहवालही अर्जदारानेच लिहिलेले आहेत; हस्ताक्षरातील कच्चे मसुदे सोबत जोडले आहेत. तीन : तराजूच्या प्रकरणात दुकानदारांसमोर वजने मोजून दाखवणारी व्यक्ती अर्जदार होती, सदर काम दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या अहवालात नोंदले गेले आहे. चार : निम्नस्वाक्षरीकाराने यांपैकी एकही अहवाल स्वाक्षरीपूर्वी वाचलेला नाही. पाच : निम्नस्वाक्षरीकाराने हे पत्रही स्वाक्षरीपूर्वी वाचलेले नाही.'

पाचवा मुद्दा लिहून मी थांबले. मला कळत होतं की हे माझ्यावरही शेकणार. गोपनीय अहवाल स्वतःचा स्वतः लिहिला, चौकशी लागली तर माझीही लागेल, आणि मग बढती तर सोडाच, आहे तेही जायचं. एकदा वाटलं, फाडून टाकावं. नेहमीप्रमाणे नकारार्थी. मग घरच्या टेबलावरचा तो अर्धवट अर्ज आठवला. ती रोज त्याच्या शेजारी बसून जेवते आणि त्याला हात लावत नाही.

पण कुणाला फसवून सही घ्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. पाचवा मुद्दा खरा ठरतो की खोटा, हे साहेबांच्याच हातात होतं. त्यांनी पत्र वाचलं असतं तर तो तिथल्या तिथे खोटा ठरला असता, आणि त्यांनी मला दारातून बाहेर काढलं असतं. मला ते चाललं असतं. निदान एकदा तरी माझा कागद वाचला गेला असता.

मी कच्च्या मसुद्यांचे पाच गठ्ठे सुतळीसकट पत्राला जोडले आणि आत गेले. साहेब फोनवर बोलत होते. फोन खांद्याला दाबून त्यांनी हात पुढे केला.

"साहेब, हे अपिलाचं पत्र. वाचून घ्या."

"ठेवा, ठेवा." पेनाचं टोपण निघालं.

"साहेब, मुख्यालयाने तुमचा स्वतःचा अभिप्राय मागितलाय. एकदा नजर घाला."

त्यांनी फोनमध्ये "एक मिनिट" म्हटलं आणि माझ्याकडे वैतागून पाहिलं. "मॅडम, तुम्ही लिहिलंय ना? मग वाचायचं काय त्यात? एवढा मोठा गठ्ठा कशाला जोडलाय?"

"पुरावा म्हणून."

"बरं." ते कागदाच्या तळाशी गेले.

"साहेब," मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि माझा आवाज जरा वर गेला असावा, कारण बाहेरच्या हॉलमधली टंकायची खडखड थांबली. "पाचवा मुद्दा तरी वाचा. एकच ओळ आहे."

"हेच, हेच ते!" ते फोनवरच्या माणसाला ऐकू जाईल असं हसले. "मॅडम, इथेच तुम्ही कमी पडता. स्वतःच्या कामावर विश्वास ठेवायला शिका."

आणि त्यांनी सही केली. झोकदार, खाली दोन रेघा मारून, तारखेसह. शिक्काही स्वतःच उमटवला.

मी बाहेर येऊन जावक वहीत क्रमांक टाकला. कार्यालयीन प्रत फाईलला लावली आणि पाकीट कुणाच्या हाती न देता स्वतः टपाल कचेरीत नेऊन पोचपावती घेतली. संध्याकाळी घरी मुलीला पोचपावती आणि आमची प्रत दाखवली. तिने पाचही मुद्दे उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

"त्याने खरंच सही केली?"

"दोन रेघा मारून."

"आता तुझं काय होईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "बढती होईल, नाहीतर चौकशी होईल. कदाचित दोन्ही होईल. पण तेवीस वर्षांत त्या खोलीतून माझ्याबद्दल एक खरा अहवाल बाहेर पडलाय." आणि मग माझा आवाज चढला तरी मी तो उतरवला नाही. "आणि तोसुद्धा मलाच लिहावा लागला!"